मुटकुळ्याचा घास

आमच्या घरात जेवायला बसल्यावर उंदराचं नाव काढायचं नाही, हा नियम मी लग्नानंतर लगेचच केला होता. करावाच लागला. नवऱ्याचा धंदा पेस्ट कंट्रोलचा. गोदामं, हॉटेलं, दुकानं, जिथं म्हणून माणसाचं खाणं साठवलेलं असतं तिथं हे पाठीवर पंप नाहीतर हातात पिंजरा घेऊन जाणार, आणि घरी आल्यावर पहिल्या घासाबरोबर सगळं रंगवून सांगणार. घुशीने बीळ कुठून पाडलं, झुरळं कुठल्या फटीत अंडी घालतात. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. लेक मात्र कान टवकारून ऐकायची. "मग, बाबा?" म्हणायची, आणि बाबांना तेवढंच हवं असायचं. त्या दोघांपुढे माझा नियम फार दिवस टिकला नाही.

त्यातली एक गोष्ट दोघांची फार लाडकी. उंदीर महा संशयी असतो. नवीन काही दिसलं की एखादाच आधी तोंड लावतो, आणि तो तिथल्या तिथे आडवा झाला की बाकीचे त्या खाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून औषधच असं असतं की ते खाल्लेला उंदीर ठणठणीत दिसतो. हिंडतो, फिरतो, खातो. आतल्या आत मात्र त्याचं रक्त पातळ होत जातं आणि काही दिवसांनी तो कुठल्यातरी कोपऱ्यात जाऊन पडतो. "कुणाला पत्ता लागत नाही, बबडे," हे म्हणायचे. "त्याचा त्यालासुद्धा नाही." बबडी अंग शहारून हसायची.

ती बबडी आता तिशी ओलांडलेली बाई आहे. चष्म्याच्या काचा घासते, कारखान्यात. गेल्या थंडीत तिचा संसार मोडला. का मोडला ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी काही न विचारणाऱ्यांतली नाही, यावरून काय ते समजा. एका सकाळी दार उघडलं तर ही उभी. एका हातात बॅग, पायाशी काचेची लांबट पेटी, आणि स्वेटरच्या आत काहीतरी हलत होतं. गळ्याशी एक बोटभर डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं.

साप होता. माझी तर बोबडीच वळली.

तिचे बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. कशी आहेस, काय झालं, काही नाही. म्हणाले, "आधी ते बाहेर ठेव, मग आत ये."

माझ्या नवऱ्याच्या मनात काय असतं आणि तोंडातून काय निघतं यांची कधी गाठच पडत नाही. पण ते मला ठाऊक. लेकीचा चेहरा दगडासारखा झाला. तिने यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "आई, बाबांना सांग, हे बाहेर राहणार असेल तर मीही बाहेरच बरी."

यांनी पायाशी ठेवलेल्या पेटीकडे पाहिलं. मग मलाच म्हणाले, "तिला सांग, मागची खोली रिकामी आहे."

झालं. त्या दिवसापासून दोघांचा अबोला. मी नोकरीभर टेलिफोनच्या ऑफिसात बसून परक्यांच्या लाइनी जोडल्या, आणि निवृत्त झाले तर घरातच एक्स्चेंज सुरू झालं. "आई, बाबांना विचार, पाना कुठे ठेवलाय." बाबा समोरच, वर्तमानपत्राच्या मागे. "तिला सांग, जिन्याखालच्या खोक्यात." मी तोंड उघडायच्या आत ती जिन्याकडे निघालेली असायची. हसू यायचं आणि रडूही.

सापाचं म्हणाल तर तो बॉल पायथन, म्हणजे परदेशी जातीचा छोटा अजगर. विष नाही, आगाऊपणा नाही, काळ्या-तपकिरी अंगावर मातकट ठिपके, जाडी माझ्या मनगटाएवढी. भीती वाटली की तो फुत्कारत नाही की अंगावर धावत नाही. अंगाचं मुटकुळं करतो आणि डोकं मधोमध लपवून बसतो. म्हणून लेकीने त्याचं नावच मुटकुळं ठेवलं होतं. त्या खोलीत पहिल्यांदा केर काढायला गेले तेव्हा मी दाराशी थरथरत उभी, आणि ते पेटीतल्या फुटक्या कुंडीखाली थरथरत. कोण कुणाला जास्त भ्यालं होतं, सांगता यायचं नाही. पुढे पुढे मी काच पुसता पुसता त्याच्याशी बोलायलाही लागले.

त्याचं खाणं म्हणजे उंदीर. कुठूनसे पाळलेले, मारलेले, गोठवलेले उंदीर मागवून लेक ते फ्रीजरमध्ये ठेवायची, मटारच्या पिशवीला लागून. यांनी एकदा बर्फ काढायला दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. "तिला सांग," म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या घरातून जे बाहेर काढलं, ते माझ्याच फ्रीजरमध्ये आलंय." मागच्या खोलीतून उत्तर आलं, "बाबांना सांग, ते चावत नाहीत." हे जाऊन बसले, आणि तोंडापुढचं वर्तमानपत्र हललं. आतून हसल्यासारखं.

पण मुटकुळं जेवेना. जागा बदलली की असे साप अन्न सोडतात, महिनोन्महिने सोडतात, हे तिला ठाऊक होतं, म्हणून आधी ती निवांत होती. विजेवर तापणारी उबेची गादी पेटीखाली नीट आहे ना बघायची, ठरावीक वारी उंदीर कोमट पाण्यात वितळवायची, केस वाळवायच्या यंत्राने त्याचं डोकं गरम करायची, लांब चिमट्यात धरून हळूहळू हलवायची. मुटकुळं जीभ काढून बघायचं आणि तोंड फिरवायचं. थंडी सरली, उन्हं तापली, तरी तेच. मग त्याच्या अंगाला सुरकुत्या पडायला लागल्या, पाठीचा कणा काढणीनंतरच्या बांधासारखा वर आला. प्राण्यांचा डॉक्टर म्हणाला, ताजा, ऊब असलेला उंदीर देऊन बघा. तो आणायचा कुठून? लेक कामावरून आली की तशीच पेटीपुढे बसायची. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर मांडीत साप आणि हुंदका आवरत नव्हता. "हे एवढंच मी तिथून आणलं गं, आई," म्हणाली. "हेही गेलं तर मी आणलं काय?"

मी चहा तिच्याजवळ ठेवला. मागे वळले तर हे बोळात उभे होते. चप्पल न वाजवता निघून गेले.

त्याच सुमारास तिने कारखान्याजवळ भाड्याची खोली पाहिली. महिना संपला की जाते म्हणाली. "बाबांना त्रास नको," म्हणाली, आणि पहिल्यांदाच हा निरोप तिने मला न्यायला सांगितला नाही. मी तरी नेलाच. हे ताटातलं अर्धं तसंच टाकून उठले.  ती एकदा गेली की मग सणासुदीपुरती येणारी पाहुणी होणार, आणि हा माणूस कुढत म्हातारा होणार, हे मला उघड दिसत होतं. मला ती घरात हवी होती. काही करून हवी होती.

दोन-चार दिवसांनी हे दुपारीच घरी आले. हातात फडक्याने झाकलेला पिंजरा. आत एक गुबगुबीत उंदीर, तुकतुकीत केसांचा, पिंजऱ्यात इकडून तिकडे पळणारा. लेकीची सुट्टी होती. ती मागच्या दारात येऊन थबकली. मला म्हणाली, "आई, बाबांना विचार, औषध टाकलेल्या जागेवरचा तर नाही ना? बाहेरचा उंदीर देऊ नये म्हणतात."

मी वळले, पण यांनी माझी वाट पाहिली नाही. थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "बेकरीतला आहे. पिठावर पोसलेला. तिथं मी औषध टाकतच नाही, नुसते पिंजरे लावतो. माझ्यावर विश्वास ठेव."

इतक्या महिन्यांत तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली.

उंदराचं पुढे जे करायचं ते यांनी मागच्या नळापाशी केलं. एका झटक्यात, त्याला कळायच्या आत. जिवंत सोडला असता तर त्याने त्या उपाशी सापालाच कुरतडलं असतं, हे लेकीने मला आधीच सांगून ठेवलं होतं. तिने तो ऊन ऊन उंदीर चिमट्यात धरला आणि पेटीत सोडला. मुटकुळ्याची मान हळूच मागे गेली, इंग्रजी एस काढावा तशी. आणि मला दिसलंसुद्धा नाही, इतक्या वेगाने ते सुटलं. फट्. पुढच्या क्षणी उंदराभोवती त्याचे वेढेच वेढे.

"बाबा, बघा! बाबा, घेतलं त्याने!"

दोघं काचेपुढे उकिडवे बसले होते, खांद्याला खांदा लावून. उंदराचं शेपूट तोंडात दिसेनासं होईपर्यंत दोघं उठले नाहीत. "जबडा बघ कसा सुटतो," हे म्हणत होते. "मग, बाबा? तुम्हाला काय वाटलं?" ती म्हणत होती. मी आत जाऊन ओट्याला धरून रडून घेतलं. रात्री ती जेवताना म्हणाली, खोलीवाल्याला नको म्हणून कळवते. तिने वाडगा थेट बाबांपुढे सरकवला, माझ्या हातातून नाही.

दुसऱ्या दिवशी लेक कामाला गेल्यावर मी मागे धुणं वाळत घालत होते. पिंजरा नळापाशी तसाच पडला होता. म्हटलं विसळून टाकावा. उचलला तर खालच्या पत्र्यावर उंदराच्या लेंड्या. निळ्या. धुण्याच्या निळीसारख्या निळ्याशार.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. जिन्याखालच्या कपाटात, कुलपात, यांच्या औषधाच्या वड्या असतात. त्याही अशाच निळ्या. तो रंग मुद्दाम घालतात, कुणी खाल्लं ते कळावं म्हणून. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, एवढं मलाही कळतं.

"अहो," मी हाक मारली. "हे निळं कशाने झालं?"

हे आले, वाकले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं. मग त्यांनी माझ्या हातातून पिंजरा घेतला, नळ सोडला आणि तो घासायला बसले. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा कप विसळला नाही, तो माणूस ब्रशने पिंजरा घासत होता. "गंज आहे," म्हणाले.

"गंज निळा नसतो."

यांनी पिंजरा उन्हात ठेवला आणि तडक बेकरीवर गेले. तासाभराने आले ते पायरीवरच बसले. बेकरीच्या मागे, भिंतीला भिंत लागून, एक गोदाम. तिथलं काम यांच्या धंद्यातल्या जोडीदाराकडे. त्याने वड्या टाकल्या होत्या. उंदराला कुठे कळतं कुठली भिंत कुणाची.

"तिला सांगा," मी म्हणाले. "आजच सांगा. यावर इंजेक्शन असतं ना?"

"असतं. लवकर दिलं तर उपयोग होतो." जरा थांबून म्हणाले, "पण सापांना काही होतही नाही म्हणे. कुणी नक्की सांगत नाही."

"आणि झालं तर?"

"आज सांगितलं तर आज जाईल ती," हे म्हणाले. आवाज असा की मला राग यायच्या ऐवजी भीती वाटली. "मी तिला विश्वास ठेव म्हणालो. तूच सांग ना."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "इतके दिवस तुमचे निरोप नेले. पाना, पंखा, पाणी, सगळं नेलं. हा निरोप मी नेणार नाही. तुमच्या तोंडाने बोललात, तुमच्याच तोंडाने सांगा." मी बरोबर बोलले असं मला वाटलं. अजूनही, रागात असले की, वाटतं. पण त्या दिवशी लेक घरी आली, दारातूनच "बाबा, हललं का हो ते?" म्हणाली, आणि माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं की मीही मूग गिळून बसले. म्हटलं, आज राहू दे. उद्या सांगतील.

उद्याचं परवा झालं. घरात हसणं-बोलणं वाढत होतं आणि मला धड झोप नव्हती. हे कामावर जायच्या आधी काचेपुढे जाऊन उभे राहायचे. लेकीला वाटायचं, बाबांना लळा लागला. मला ठाऊक होतं हे काय शोधतायत. पोटाखालचे पांढरे खवले, तोंडाची कड, खालचा कागद. मुटकुळं कुंडीखाली गप्प पडलेलं. पचवतंय, लेक म्हणायची. एवढ्या दिवसांनी पोटभर जेवलं, आता सुस्तावणारच. चांगलं दिसत होतं ते. ठणठणीत. तो शब्द मनात आला की माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा संध्याकाळी तिने पेटीतली पाण्याची वाटी उचलली. "आई, पाणी पिवळं का दिसतंय?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या बॅगेत नेहमी उताऱ्याच्या गोळ्या असतात, कुणाच्या कुत्र्याने वडी खाल्ली तर म्हणून. पिवळ्या. यांनीच कुटून टाकल्या होत्या पाण्यात. सापाने त्या वाटीला तोंडही लावलं नव्हतं.

"नळालाच तसं येत असेल," हे म्हणाले.

लेकीने ते पाणी मोरीत ओतलं, वाटी स्वच्छ धुतली आणि चांगलं पाणी भरून ठेवली. यांचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

पुढच्या सुट्टीला हे दुपारी अंघोळ करून पांढऱ्या बनियनवर बाहेरच्या खोलीत बसले होते. लेक मुटकुळ्याला घेऊन आली. "घ्या ना, बाबा. इतके दिवस नुसतं काचेतून बघताय. काही करत नाही ते." आणि यांनी हो-नाही म्हणायच्या आत तिने ते यांच्या खांद्यावर ठेवलं.

अनोळखी माणसाकडे गेलं की ते मुटकुळं करतं. त्या दिवशी नाही केलं. ओल्या टॉवेलासारखं खांद्यावरून छातीवर लोंबत राहिलं. लेक हसत होती. "बघ आई, बाबांना घाबरतही नाही आता."

मग तिचं हसू थांबलं. बनियनवर, सापाचं तोंड टेकलं होतं तिथं, लाल ठिपका होता. तिच्या डोळ्यांदेखत दुसरा उमटला.

"बाबा, तुम्हाला लागलं का कुठे?" तिने आधी यांचाच हात धरला, दंड उलटसुलट करून पाहिला. काही नव्हतं. मग साप मांडीवर घेतला आणि उजेडाकडे वळवला. काचेवरचा ओरखडा शोधायची सवय असलेले डोळे तिचे. हिरड्या पाहिल्या. पोटाचे खवले बोटाने सारत गेली. पांढऱ्यावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, खालपर्यंत. "उंदीर चावला असेल?" ती स्वतःशीच म्हणाली. "पण तो तर मेलेला होता. मग रक्त कशाने..."

आणि तिचं बोट खवल्यावरच थांबलं. मला समजलं तिला काय आठवलं असेल ते. आमच्याच ताटांवर ऐकलेली गोष्ट होती ती.

मी यांच्याकडे बघत होते. डोळ्यांनी विनवत होते, बोला, आता तरी बोला. यांचे ओठ हलले. लेक समोर, हाताच्या अंतरावर. तिच्याकडे बघायची यांची छातीच झाली नाही. यांनी मान वळवली, माझ्याकडे.

"तिला सांग," हे म्हणाले. "त्या उंदराला औषध लागलं होतं."

 मग लेक उठली. मागच्या खोलीतून कापडी पिशवी आणली, सापाला हळुवार आत सोडलं, पिशवी स्वेटरच्या आत छातीशी धरली. भर उन्हाळ्यात स्वेटर. चपला घातल्या. दारात उभी राहून तिने मला विचारलं, "आई, यांना विचार, कधी कळलं?"

'बाबांना' म्हणाली नाही. 'यांना' म्हणाली.

हे बोलेनात. मला ती शांतता सहन होईना, आणि वर्षानुवर्षांची सवय. मी उत्तर दिलं. "दुसऱ्याच दिवशी. पिंजरा विसळताना."

तिची नजर माझ्यावर थांबली. "पिंजरा कोण विसळत होतं?"

माझी नजर खाली गेली. उत्तराची गरज उरली नव्हती. तिने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काहीतरी बोलायचं होतं तिला, पण ते कुणाकडे द्यायचं हेच तिला कळेना असं मला वाटलं. मग ती पायऱ्या उतरून गेली.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो. मागच्या खोलीत पेटीखालची गादी अजून तापत होती, बंद करायला कुणी उठलं नाही. फोन वाजला तेव्हा मी धावले. आवाज परका होता. प्राण्यांच्या दवाखान्यातली मदतनीस बाई.

"तुमच्या मुलीने निरोप द्यायला सांगितलंय," ती म्हणाली. "इंजेक्शन सुरू केलंय. साप वाचेल असं डॉक्टर म्हणतायत, पण दिवस फार गेलेत, खात्री नाही. पेटी आणि त्यांचे कपडे घ्यायला उद्या माणूस येईल, तेवढं बांधून ठेवा."

"ती आहे का तिथं?" मी विचारलं.

"हो, ह्या काय, समोरच बसल्यात."

 हे दारात येऊन उभे होते, बनियनवर ते दोन ठिपके तसेच.

"तिला सांगा," मी म्हणाले, आणि पुढचं मला काही सुचेना.